मार्कोनीची तार: पतंगापासून खडकीपर्यंत

फोनमध्ये एफएम लावलं की आधी ‘हेडफोन जोडा’ असा मेसेज येतो. कारण हेडफोनची वायरच तिथे अँटेना होते. तारेचा असा अँटेना जगभर नेला तो गुल्येल्मो मार्कोनीने. मला त्याच्या नोबेलपेक्षा त्याने पन्नाशीत बदललेला रस्ता जास्त भावतो.

मार्कोनी २५ एप्रिल १८७४ रोजी इटलीतल्या बोलोन्यात जन्मला. हाइनरिश हर्ट्झने १८८८ मध्ये रेडिओ लहरी प्रयोगशाळेत दाखवल्या होत्या. त्या लांबवर पाठवायला मार्कोनीने १८९५ मध्ये यंत्राचं एक टोक उंच टांगलेल्या तारेला जोडलं, दुसरं जमिनीला. पल्ला एकदम वाढला. उंची दुप्पट केली तर पल्ला साधारण चौपट होतो, हेही त्याला दिसलं.

यामागचं गणित असं: जमिनीला जोडलेली उभी तार आपल्या उंचीच्या चौपट लांबीच्या लहरीला उत्तम साथ देते. १०० मेगाहर्ट्झ एफएमची लहर ३ मीटरची, म्हणजे तार हवी ७५ सेंटिमीटर. उंच तार, तर लांब लहर. १९०१ मध्ये न्यूफाउंडलंडला पतंगाला सुमारे १५० मीटर तार बांधून अटलांटिकपलीकडचा सिग्नल ऐकल्याचं त्याने जाहीर केलं. १९०९ मध्ये नोबेल मिळालं. पुढे मग आणखी उंच खांब, आणखी लांब लहरी, आणखी वीज!

१९२० नंतर मात्र तो उलटा फिरला. १०० मीटरपेक्षा आखूड लहरी आयनांबरावरून परतून कमी विजेत खूप दूर पोचतात, हे प्रयोगांत दिसलं. त्याच्याच कंपनीची अवाढव्य स्टेशनं यामुळे जुनी ठरणार होती, तरी त्याने आखूड लहरी निवडल्या. सहकारी चार्ल्स फ्रँकलिनने उभ्या तारांची रांग आणि मागे परावर्तक तारा अशी रचना केली. रांगेतल्या लहरी समोर एकमेकींत मिळतात, बाजूंना एकमेकींना खोडतात. टॉर्चसारखा झोत तयार!

तो झोत १९२७ मध्ये आपल्याकडे आला. मी तळेगाव दाभाडेचा. आमच्या पुणे लोकलवर लागणाऱ्या खडकीहून संदेश इंग्लंडला जायचे आणि तिकडचे दौंडला उतरायचे. पाठवणाऱ्या यंत्राच्या जोरात येणारा क्षीण सिग्नल बुडू नये म्हणून दोन केंद्रं लांब ठेवली होती. ही सेवा इतकी स्वस्त पडली की समुद्री केबल कंपन्या हादरल्या.

मार्कोनी २० जुलै १९३७ रोजी रोममध्ये वारला. लहरी त्यानंतरही आखूडच होत गेल्या. तुमच्या वायफायची २.४ गिगाहर्ट्झची लहर १२.५ सेंटिमीटरची आहे. तिचा चौथा भाग जेमतेम ३ सेंटिमीटर, म्हणून तो अँटेना फोनच्या आतच मावतो.