विष्णू वासुदेव नारळीकर

विष्णू वासुदेव नारळीकर (२६ सप्टेंबर १९०८ – १ एप्रिल १९९१) हे मराठी गणितज्ञ आणि सापेक्षता सिद्धान्ताचे अभ्यासक होते. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर हे त्यांचे थोरले पुत्र.

कोल्हापुरात जन्मलेले नारळीकर मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून १९२८ मध्ये बी.एस्‌सी. झाले. पुढे केंब्रिजला ते रँग्लर झाले व खगोलशास्त्रातील प्रावीण्याबद्दल त्यांना टायसन पदक मिळाले. विश्वाच्या प्रसरणाचा शोध त्याच सुमारास लागला. दीर्घिका जितकी दूर तितक्या अधिक वेगाने ती दूर जाते, हे एडविन हबल यांनी १९२९ मध्ये दाखवले. आइन्स्टाइन यांनी कल्पिलेले स्थिर विश्व टिकू शकत नाही, हे केंब्रिजच्याच आर्थर एडिंग्टन यांनी १९३० मध्ये सिद्ध केले.

मदनमोहन मालवीय यांच्या निमंत्रणावरून नारळीकर १९३२ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, बनारस हिंदू विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख झाले. मोठ्या दुर्बिणींपासून दूर, केवळ समीकरणांच्या आधारे त्यांनी तेथे २८ वर्षे संशोधन केले आणि विद्यार्थी घडवले. १९४२ मध्ये प्र. चु. वैद्य स्वखर्चाने, पत्नी व तान्ह्या मुलीसह, त्यांच्याकडे शिकण्यास आले. श्वार्झशिल्ड यांच्या १९१६ च्या उत्तरात ताऱ्याभोवतीचा अवकाश रिकामा धरला होता. प्रत्यक्षात तारा सतत प्रकाश सोडतो. अशा ताऱ्याचे गुरुत्वाकर्षण सांगणारे वैद्य यांचे उत्तर १९४३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ते जगभर वापरले जाते. स्वतः नारळीकरांनी के. आर. करमरकर यांच्यासह अवकाश-काळाच्या वक्रतेची १४ अचल राशींत केलेली मांडणी मात्र बराच काळ दुर्लक्षित राहिली.

१९६० नंतर ते राजस्थान लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष आणि त्यानंतर पुणे विद्यापीठात प्राध्यापक होते.

त्यांच्या निधनानंतर सात वर्षांनी, १९९८ मध्ये, प्रसरणाच्या मोजमापाला नवे वळण मिळाले. ‘एक-अ’ प्रकारच्या अतिनवताऱ्यांची मूळ तेजस्विता जवळपास ठरलेली असल्याने त्यांच्या दिसणाऱ्या तेजावरून अंतर काढता येते. दोन संशोधक गटांना दूरचे असे तारे अपेक्षेपेक्षा मंद आढळले. यावरून प्रसरणाचा वेग वाढत असल्याचा निष्कर्ष निघाला. आइन्स्टाइन यांनी सोडून दिलेला, परंतु एडिंग्टन यांनी आग्रहाने जपलेला विश्वस्थिरांक त्यामुळे पुन्हा चर्चेत आला. जयंत नारळीकर आणि त्यांचे सहकारी यांना हा निष्कर्ष मान्य नव्हता. दीर्घिकांमधील धातुकणांच्या धुळीमुळे हे तारे मंद दिसत असावेत, असे त्यांनी मांडले.