रोझेलची मावशी

जुलै-ऑगस्ट आला की आमच्या पिंपळे सौदागरात मोठाल्या बॅगांची वजनं सुरू होतात. कुणाची मुलगी एका सेमिस्टरसाठी जर्मनीला, कुणाची फ्रान्सला. त्यातल्या काही जणी तिथल्या एखाद्या कुटुंबातच राहणार असतात. मग शिवार चौकात भाजी घेताना आयांच्या तोंडी एकच विषय. पोरगी खाईल काय? थंडी सोसेल ना? आणि ती घरची माणसं कशी असतील हो?

मैत्रिणींनो, हे प्रश्न ऐकले की मला हमखास आनंदीबाई जोशी आठवतात. आपण त्यांना डॉक्टर म्हणून ओळखतो. पण त्याआधी ती परक्या देशात, परक्यांच्या घरी राहून शिकणारी अठरा वर्षांची मुलगी होती, हे आपल्या फारसं लक्षात येत नाही.

आनंदी म्हणजे माहेरची यमुना. जन्म ३१ मार्च १८६५. नवव्या वर्षी लग्न झालं. नवरा गोपाळराव पोस्टात नोकरीला, बिजवर आणि वयाने खूप मोठे. बायकोला शिकवायचंच, हा त्यांचा हट्ट. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. बाईला तपासायला बाईच डॉक्टर हवी, हे तिच्या मनाने तिथेच घेतलं असावं.

गोपाळरावांनी १८८० मध्ये एका अमेरिकन मिशनऱ्याला मदतीसाठी पत्र लिहिलं. ते तिकडच्या मासिकात छापून आलं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसल्या होत्या, तेव्हा ते मासिक त्यांच्या हाती पडलं. त्यांनी या अनोळखी मुलीला आपणहून पत्र धाडलं. पुढे जवळजवळ तीन वर्षं दोघींची पत्रं येत-जात राहिली. आनंदी त्यांना मावशी म्हणू लागली. म्हणजे बघा, घर पाहण्याआधी नातं जुळलं होतं!

समुद्र ओलांडणं हे तेव्हा पापच. टीका करणाऱ्यांना तिने फेब्रुवारी १८८३ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला जाहीर भाषण करूनच उत्तर दिलं. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असं तिने भर सभेत सांगितलं. अंगावरचे दागिने विकून तिकिटाचे पैसे उभे केले. ७ एप्रिलला कलकत्त्याहून निघालेली आनंदी ४ जूनला न्यूयॉर्कला उतरली. गोपाळराव बरोबर नव्हते. शाकाहारी मुलीचे बोटीवर जेवणाचे काय हाल झाले असतील, विचारूच नका.

रोझेलचे ते पहिले महिने मात्र सुखाचे गेले. कार्पेंटरबाईंच्या घरात लेकीसुना वावरतात तशी ती वावरली. आपल्या पद्धतीचा स्वयंपाक रांधला, तिथल्या बायकांना साडी-बांगड्या लेववून पंगतीला बसवलं. मावशींनी तिला आपल्यासारखी करायचा आग्रह धरला नाही. तिचं खाणं, तिचं कुंकू, तिची साडी जशी होती तशी त्या घराने मान्य केली. होस्ट फॅमिली हा शब्दही नव्हता तेव्हा!

त्या शरद ऋतूत फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला. डीन रेचल बॉडलीबाईंनी तीन वर्षांसाठी सहाशे डॉलरची शिष्यवृत्ती दिली. इथून मात्र मावशींचं घर मागे पडलं आणि खरे हाल सुरू झाले. भाड्याच्या खोलीत शेगडी पेटवावी तर धूर, न पेटवावी तर गारठा. अभ्यास सांभाळून स्वयंपाकही स्वतःच करायचा. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहायच्या, म्हणून ती गुजराती पद्धतीची साडी नेसू लागली. तब्येत ढासळतच गेली.

आणि गोपाळराव? त्यांची पत्रं यायची, पण मायेपेक्षा संशयाची जास्त. पोशाखावरूनही त्यांनी टोचून लिहिलं. आनंदीने एका पत्रात लहानपणी त्यांच्या हातचा खाल्लेला मार त्यांना आठवून दिला. शिकवल्याचे उपकार मानले, पण मारही विसरली नाही. ज्याने शिकवलं त्यालाच हे लिहायचं, तेही १८८४ च्या सुमारास! मला तर तिच्या पदवीइतकंच हे पत्र मोठं वाटतं. घरापासून हजारो मैल दूर गेल्यावरच तिला ते लिहिता आलं.

कॉलेजात ती एकटीच परदेशी नव्हती. जपानची केईको ओकामी आणि सीरियाची सबात इस्लामबुली यांच्यासोबत १८८५ मध्ये काढलेला तिचा फोटो आजही पाहायला मिळतो. तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात.

११ मार्च १८८६ ला ती डॉक्टर झाली. प्रबंध होता हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूर संस्थानाने रुग्णालयाच्या स्त्री-विभागाची जागा देऊ केली. पण तोवर क्षयाने शरीर पोखरलं होतं. वर्षअखेरीस ती मायदेशी परतली आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेली. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. कोल्हापूरची खुर्ची रिकामीच राहिली.

तिची जिद्द आपण मुलींना नेहमी सांगतो. सांगायलाच हवी. पण तिची ती धुरकट खोलीही सांगा. व्रत, वचन, घरच्यांचा शब्द, सगळं पाळताना तिने स्वतःच्या पोटाकडे आणि छातीकडे पाहिलं नाही. आज तिकडे हीटर आहे, डाळ-तांदूळ मिळतात, व्हिडिओ कॉल आहे. तरी आजारी पडल्यावर 'मी बरी आहे' असं घरी सांगणाऱ्या मुली अजून आहेतच. तेव्हा बॅगेत लोणचं भरताना लेकीला एवढं बजावा, की दुखलं-खुपलं तर लपवू नकोस. गरम कपडे घाल, पोटभर खा. आणि जिथे राहशील तिथल्या बाईशी मोकळेपणाने बोल.

गोपाळरावांनी आनंदीच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावी, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्या ठेवल्या आहेत. मावशीच्या घरच्या माणसांमध्ये.