एकच प्रश्न दोनदा विचारणारे डॉक्टर

अल्झायमर हा शब्द आता आमच्या सुप्याच्या पारावरही ऐकू येतो. पुणे-नगर रस्त्यावरचे, पारनेर तालुक्यातले हे गाव. एखादे आजोबा चष्मा कुठे ठेवला ते विसरले की नातू हसतहसत तो शब्द त्यांच्याकडे फेकतो. हे एका माणसाचे आडनाव आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. आज त्या माणसाची गोष्ट सांगायची आहे. औषध देण्याच्या फार आधीचे एक काम त्यांनी मन लावून केले: समोरच्याला नीट प्रश्न विचारणे. ते काम टाळले जाते तेव्हा बरी होऊ शकणारी म्हातारी माणसे बऱ्या न होणाऱ्यांत जमा होतात.

अलॉइस अल्झायमर यांचा जन्म १४ जून १८६४ रोजी जर्मनीतल्या बव्हेरियात, मार्क्टब्राइट नावाच्या लहानशा गावी झाला. वडील नोटरी होते. मुलाने बर्लिन, ट्युबिंगेन आणि वुर्झबर्ग येथे वैद्यकाचा अभ्यास केला आणि १८८८ साली फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात नोकरी धरली. तिथे त्यांना फ्रान्झ निस्ल हे सहकारी भेटले. मेंदूच्या पातळ कापांना रंग देऊन त्यातल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यात निस्ल यांचा हातखंडा होता. दिवसा रुग्णांशी बोलायचे आणि रात्री सूक्ष्मदर्शकावर वाकायचे, असा दोघांचा दिनक्रम झाला.

पुढे त्यांनी सेसिली नावाच्या विधवेशी लग्न केले. तीन मुले झाली. संसार मात्र थोडक्याच वर्षांचा ठरला. फेब्रुवारी १९०१ मध्ये सेसिली गेल्या. मुलांना सांभाळायला बहीण येऊन राहिली आणि अल्झायमर यांनी स्वतःला कामात बुडवून घेतले. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला ऑगस्टे डेटर नावाची एक बाई रुग्णालयात दाखल झाली. वय ५१. नवरा रेल्वेत कारकून. बायको एकाएकी संशयी झाली, स्वयंपाकात चुका करू लागली, घरात वस्तू लपवू लागली, अशी त्याची तक्रार होती.

दुसऱ्या दिवशी अल्झायमर तिच्यापाशी बसले. त्यांनी तिचे नाव विचारले, ते तिने बरोबर सांगितले. नवऱ्याचे नाव विचारले, तेव्हाही तिने स्वतःचेच नाव सांगितले. त्यांनी पेन्सिल, किल्ली, सिगार अशा वस्तू दाखवल्या. तिने त्या ओळखल्या, पण थोड्या वेळाने काय काय दाखवले होते ते तिला सांगता येईना. ती जेवत असताना ताटात काय आहे ते विचारले. होता फ्लॉवर, तिने सांगितला पालक. नाव लिहायला सांगितले तर मध्येच अडली. ही सारी उत्तरे त्यांनी आपल्या हाताने टिपून ठेवली. तोच प्रश्न पुन्हा विचारायचा आणि उत्तर कसे बदलते ते लिहायचे, ही त्यांची पद्धत.

१९०३ साली ते एमिल क्रेपेलिन यांच्याबरोबर म्युनिकला गेले, पण त्या बाईचा विसर त्यांना पडला नाही. ८ एप्रिल १९०६ रोजी ती वारल्याचे कळताच त्यांनी तिचे टिपण आणि मेंदू मागवून घेतला. चांदीच्या क्षारांनी रंगवलेल्या कापांत त्यांना पेशींच्या आत गुंतलेले धागे दिसले आणि पेशींबाहेर साचलेले ठिपके दिसले. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्युबिंगेनच्या सभेत त्यांनी हे मांडले. सभेत कुणी एक प्रश्नही विचारला नाही. १९१० साली क्रेपेलिन यांनी आपल्या ग्रंथात या रोगाला अल्झायमर यांचे नाव दिले. १९१२ मध्ये ब्रेस्लाऊला प्राध्यापकपद मिळाले, पण तिकडे जातानाच ते आजारी पडले आणि पुरते सावरलेच नाहीत. १९ डिसेंबर १९१५ रोजी ते गेले, तेव्हा त्यांचे वय होते ५१. फ्रँकफुर्टला पत्नीशेजारी त्यांना पुरले.

आता मधली काही दशके ओलांडू. अल्झायमर यांच्याजवळ मेंदूचे काप होते; आपल्या घरातल्या जित्याजागत्या माणसाचा मेंदू कुणी कापून पाहत नाही. मग विसरभोळेपणा मेंदू झिजल्यामुळे आहे की मन खचल्यामुळे, हे ओळखायचे कसे? नैराश्याने गांजलेला वृद्धही विसरतो, हिशेबात चुकतो, बोलेनासा होतो. अशा वरवरच्या स्मृतिभ्रंशावर लेस्ली किलोह यांनी १९६१ साली लिहिले आणि डॉक्टरांचे लक्ष तिकडे वळले. १९७५ मध्ये अमेरिकेत मार्शल फोल्स्टाइन, त्यांच्या पत्नी सुसान आणि पॉल मॅकह्यू यांनी ३० गुणांची एक छोटी कसोटी तयार केली. आज वार कोणता, तीन शब्द लक्षात ठेवा, शंभरातून सात वजा करत जा, असे तिचे प्रश्न. अल्झायमर यांच्या खाटेशेजारच्या प्रश्नांचे हे जणू नातवंड.

त्यांच्या पहिल्या पाहणीत स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना सरासरी दहाच्या आसपास गुण पडले. नैराश्यामुळे ज्यांची बुद्धी मंदावली होती त्यांना १९, साध्या नैराश्याच्या रुग्णांना २५, तर निरोगी वृद्धांना २७ हून थोडे अधिक. मुख्य म्हणजे नैराश्यावर उपचार झाले तसे त्या रुग्णांचे गुण वाढले. पण या झाल्या सरासऱ्या. एकट्या माणसाला १९ गुण पडले तर नुसत्या आकड्यावरून निवाडा करता येत नाही.

आकड्यापेक्षा उत्तराची तऱ्हा अधिक बोलते. बँकेत असताना पेन्शनच्या खिडकीवर मी ती खूप पाहिली. काही म्हातारी माणसे प्रश्न आला की हात टेकत. आपल्याला काही आठवत नाही, आपले डोके गेले, हे तीच आधी सांगत. पण जरा आधार देऊन धीर धरला की उत्तर निघे. दुसऱ्या काहींची तक्रारच नसे. ती हसून वेळ मारून नेत, चुकीचे उत्तर खुशाल देत, काळजी करीत ती सोबत आलेली मुले. डॉक्टरही साधारण हेच पाहतात. नैराश्यातला माणूस प्रयत्न सोडतो, पण खूण सांगितली की विसरलेला शब्द बऱ्याचदा ओळखतो. स्मृतिभ्रंशात तो शब्द मनात रुजलेलाच नसतो, म्हणून खुणेचा उपयोग होत नाही. पहिले दुखणे काही आठवड्यांत वाढते आणि केव्हा सुरू झाले ते घरचे सांगू शकतात. दुसरे वर्षानुवर्षे पावलांचा आवाज न करता येते.

ही विभागणी अर्थातच काटेकोर नाही. कधी दोन्ही दुखणी एकत्र असतात, कधी म्हातारपणी प्रथमच आलेले नैराश्य पुढच्या स्मृतिभ्रंशाची पूर्वसूचना ठरते. थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, कमी ऐकू येणे, एखादे औषध, यांनीही माणूस गोंधळतो. म्हणून चांगला डॉक्टर हे सारे तपासतो, नैराश्य दिसले तर त्यावर इलाज करतो आणि काही महिन्यांनी तेच प्रश्न पुन्हा विचारतो.

आमच्या भागापुरती आणखी एक अडचण. शाळेचे तोंड न पाहिलेल्या आजीला इंग्रजी तारीख विचारून नापास करणे हा अन्यायच. तिला तिथी, बाजाराचा वार, पेरणीचे नक्षत्र पक्के ठाऊक असते. हे ओळखून मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी हरियाणातल्या बल्लभगड भागातल्या निरक्षर वृद्धांसाठी त्या कसोटीचे हिंदी रूप तयार केले. ते १९९५ साली प्रसिद्ध झाले. कागदावरची सूचना वाचून डोळे मिटण्याऐवजी, मी करतो तसे करा, असे त्यात सांगतात.

त्याच १९९५ साली फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात ऑगस्टे डेटरची हरवलेली फाईल सापडली. नव्वद वर्षे होऊन गेली होती, पण प्रश्न आणि उत्तरे जशीच्या तशी होती. मला त्या फाईलचे मोल रोगाच्या शोधापेक्षा वेगळ्याच कारणासाठी वाटते. बायको जाऊन वर्षही न झालेला एक माणूस एका अनोळखी बाईशेजारी बसतो, ती काय म्हणते ते घाई न करता ऐकतो आणि उद्या पुन्हा येतो.

आपल्या घरात कुणी वृद्ध गप्प होत चालले असेल, जेवण-झोप बिघडली असेल, विसरणे वाढले असेल, तर वयाकडे बोट दाखवून थांबू नका. हे केव्हापासून, कशानंतर सुरू झाले, ते वहीत टिपा आणि ती वही घेऊन मनोविकारतज्ज्ञांकडे जा. जगण्यात अर्थ उरला नाही अशी भाषा कानी आली, तर त्याच दिवशी जा. निघालेले दुखणे नैराश्याचे असेल, तर घरातले माणूस परत बोलू लागण्याची आशा मोठी आहे.