राणी हिराईचे देवीकार्य

चैत्री पौर्णिमेस झरपट नदीत स्नान करून चंद्रपूरच्या महाकालीचे दर्शन घेणाऱ्या भाविकांनी राणी हिराईचे पुण्यस्मरण अवश्य करावे. इ. स. १७०४ च्या सुमारास तिचे पती, चांद्याचे गोंडराजे बीरशहा, यांचा घात झाला. पोटी पुत्र नव्हता. त्या मानी स्त्रीने रामशहास दत्तक घेतले आणि तो जाणता होईतो राज्यभार वाहिला. पतीसाठी अचलेश्वराजवळ समाधी उभारली. महाकालीचे भव्य मंदिर बांधविले. समाधी कुळाची, मंदिर मात्र सकळांचे. १७५१ मध्ये चांद्याचे राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेले. राजघराण्याचे वैभव मावळले. परंतु देवीचरणी वेचलेले द्रव्य कोणास हरण करता आले नाही. त्याच मंदिरी आजही दूरदूरचे दीनदुबळे यात्रेकरू विसावतात.