कॅप्टन लीबाईंची भातुकली

आमच्या माळ्यावर पत्र्याचा एक डबा आहे. त्यात आईची पितळी भातुकली. चूल, बंब, पोळपाट-लाटणं, इवलीशी किसणी. मुलीला संसार शिकवायचं ते पहिलं पाठ्यपुस्तकच! परवा नातीसाठी तो डबा खाली काढला आणि मला फ्रान्सेस ग्लेसनर ली या अमेरिकन बाईंची आठवण झाली. त्यांनीही साठी उलटल्यावर भातुकली मांडली होती. फक्त तिच्यातल्या बाहुल्या मेलेल्या होत्या.

फ्रान्सेसचा जन्म १८७८ सालचा, शिकागोचा. वडील शेतीच्या यंत्रांचे बडे कारखानदार. भाऊ हार्वर्डला शिकायला गेला. हिला मात्र कॉलेजचा उंबरा ओलांडू दिला नाही. शिवण, विणकाम, पाहुण्यांची सरबराई एवढं आलं की झालं, असा तो काळ. १८९८ मध्ये एका वकिलाशी लग्न झालं, तीन मुलं झाली आणि १९१४ मध्ये घटस्फोट. हातातली कला तेवढी सुटली नाही. १९१३ साली आईच्या वाढदिवसाला तिने शिकागोच्या वाद्यवृंदाची नव्वद वादकांची चिमुकली प्रतिकृती स्वतः करून दिली होती.

भावाचा वर्गमित्र डॉ. जॉर्ज मॅग्रा बॉस्टनला संशयास्पद मृत्यूंची तपासणी करी. त्याच्याकडून तिला कळलं, की अनेक ठिकाणी हे काम वैद्यकाचा गंधही नसलेल्या माणसांकडे असतं. पोलीस खोलीतल्या वस्तू हलवतात, रक्तावर पाय देतात आणि पुरावा तिथेच संपतो. बाईंना आयुष्याचं काम सापडलं. १९३१ मध्ये त्यांच्या पैशाने हार्वर्डमध्ये न्यायवैद्यकाचं शिक्षण सुरू झालं. १९३६ मध्ये त्यांनी आणखी अडीच लाख डॉलर दिले. गंमत पाहा, त्या वैद्यकीय महाविद्यालयाने विद्यार्थिनींना प्रवेश दिला तो १९४५ साली!

पण पोलिसांना शिकवायचं कसं? प्रत्येक मृत्यूच्या जागी वर्ग भरवता येत नाही. मग बाईंनी जागाच छोटी केली. फुटाला एक इंच हे प्रमाण धरून, खऱ्या प्रकरणांच्या आधारे त्यांनी खोल्या रचल्या. राल्फ मोशर नावाचा सुतार लाकूडकाम करी. दारं-खिडक्या उघडत-मिटत. बाई टाचण्यांसारख्या सुयांवर बाहुल्यांचे मोजे विणत आणि मृतदेहाचा बदललेला रंग स्वतः रंगवत. एका स्वयंपाकघरात बाई जमिनीवर पडली आहे, गॅस सुरू आहे, दाराच्या फटीत वर्तमानपत्रं कोंबली आहेत. आत्महत्या, असं वाटतं. पण बटाटे अर्धेच सोललेले! मरायला निघालेली बाई बटाटे सोलायला बसेल का? हा प्रश्न गृहिणीलाच सुचावा.

१९४३ साली न्यू हॅम्पशायरच्या पोलीस दलाने त्यांना कॅप्टनचा हुद्दा दिला. १९४५ पासून त्यांचे वर्ग भरू लागले. अधिकाऱ्यांनी ठरावीक वेळात खोलीचं नुसतं निरीक्षण करायचं. शेवटी बाईंकडून थाटाची मेजवानी. तिथल्या मांडणीवरही त्यांची बारीक नजर! लहानपणी शिकवलेली सरबराई अशी कामी आली. पेरी मेसनचे लेखक गार्डनर हे त्यांचे स्नेही. त्यांनी आपली एक कादंबरीही बाईंना अर्पण केली.

१९६२ मध्ये बाई गेल्या. पुढे हार्वर्डने तो विभागच बंद केला. खोल्या मात्र बाल्टिमोरच्या वैद्यकीय तपासणी कार्यालयात गेल्या. अठरा खोल्या तिथे शिकवण्यासाठी ठेवल्या आहेत, म्हणून त्यांची उत्तरं गुप्त असतात. २०१७ मध्ये वॉशिंग्टनला त्यांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा लोकांनी ती कला म्हणूनही पाहिली.

हे सारं वाचताना मला आमच्या जुन्या वाड्यातली एक सून आठवत राहिली. स्टोव्हचा भडका उडाला, असं सगळ्यांनी मानलं. पंचनामा तासाभरात उरकला. स्टोव्हवर भांडं होतं का, कणीक मळलेली होती का, हे कुणी पाहिलं नाही. आम्ही बायका दारात उभ्या होतो. आम्हीही बोललो नाही. लीबाईंच्या खोल्यांत मेलेल्यांमध्ये कितीतरी साध्या घरांतल्या बायकाच आहेत. श्रीमंत घरातल्या या बाईने त्यांच्या ओट्याकडे, दोरीवरच्या कपड्यांकडे निरखून पाहायला पोलिसांना भाग पाडलं.

नात भातुकली मांडून बसली आहे. मी तिला भात शिजला का, असं विचारलं नाही. डोळे मिटायला लावले, एक भांडं हलवलं आणि विचारलं, काय बदललं सांग. तिने लगेच ओळखलं.