रविवारच्या सुट्टीमुळे लक्षात राहिलेल्या नारायण लोखंडेंनी मशिनमध्ये हात गमावणाऱ्यांसाठी काय मागितलं होतं?

नाशिकच्या सातपूर-अंबड एमआयडीसीतलं फर्निचरचं वर्कशॉप असो की गल्लीतलं सुताराचं दुकान, टेबल सॉ बऱ्याच ठिकाणी दिसतो. टेबलाच्या फटीतून वर आलेलं गोल पातं जोरात फिरत असतं आणि कारागीर फळी पुढे सरकवत असतो. पात्यावर गार्ड लावायचा असतो. पण काम उरकायच्या घाईत तो काढून ठेवणारेही असतात.

अशा मशिनमध्ये बोट गेलं, तर घर कसं चालायचं? हा प्रश्न १४० वर्षांपूर्वी मुंबईत एका माणसानं सरकारसमोर मांडला होता. त्यांचं नाव नारायण मेघाजी लोखंडे.

लोखंडेंचा जन्म १८४८ साली ठाण्यात, गरीब फुलमाळी कुटुंबात झाला. शिक्षण मॅट्रिकपर्यंत. रेल्वे आणि पोस्टात नोकरी केल्यावर ते मुंबईत मांडवीच्या कापड गिरणीत स्टोअरकीपर झाले. गिरणी कामगाराचं आयुष्य त्यांनी इथेच जवळून पाहिलं. महात्मा फुलेंच्या सत्यशोधक चळवळीत ते होतेच. १८८० मध्ये ‘दीनबंधु’ वृत्तपत्र त्यांच्याकडे आलं आणि कामगारांची गाऱ्हाणी छापून येऊ लागली.

कायदा आला, पण अर्धवट

१८८१ मध्ये भारतातला पहिला कारखाने कायदा झाला. ७ वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी आली आणि धोकादायक यंत्रांना कुंपण घालायची तरतूद झाली. पण मोठ्या माणसांच्या कामाच्या तासांना मर्यादा नव्हती. जखमी झालेल्या कामगाराला भरपाईही नव्हती.

सप्टेंबर १८८४ मध्ये लोखंडेंनी परळला सुपारीबागेत कामगारांच्या सभा घेतल्या. तिथे ठरलेल्या मागण्यांच्या अर्जावर सुमारे ५,५०० कामगारांनी सह्या केल्या. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती आणि वेळेवर पगार या त्यातल्या मागण्या.

आणखी एक मागणी मात्र फारशी कुणाला आठवत नाही. काम करताना जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि कायमचं अपंगत्व आलं तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी.

सुट्टी मिळाली, भरपाई राहिली

एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीला सुमारे १० हजार कामगार जमले. दोन महिला कामगारांनीही त्या सभेत भाषणं केली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या सुधारित कायद्यात आठवड्याची सुट्टी आणि दुपारची विश्रांतीही आली.

भरपाईचा विषय मात्र तसाच राहिला. पुढे मुंबईत प्लेगची साथ आली. रुग्णांच्या सेवेत उतरलेल्या लोखंडेंनाच प्लेगनं गाठलं आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचं निधन झालं. कामगार भरपाई कायदा झाला तो १९२३ मध्ये, म्हणजे त्यांच्यानंतर तब्बल २६ वर्षांनी.

मग टेबल सॉचं काय?

१८८१ मध्ये सुरू झालेली यंत्रांच्या कुंपणाची तरतूद १९४८ च्या कारखाने कायद्यात जास्त सविस्तर आली. चालू यंत्राला हात कुणी लावायचा, याचेही नियम झाले. टेबल सॉवरचा गार्ड हेसुद्धा एक कुंपणच आहे.

पात्यामागे रायव्हिंग नाइफ नावाची पातळ पट्टी असते. कापलेल्या लाकडाची फट मिटून पातं अडकलं, तर फळी उलटी कारागिराच्या अंगावर फेकली जाते. ही पट्टी फट मिटू देत नाही. टेबलाच्या पातळीवर ती पात्याच्या दातांपासून ८ मिलिमीटरपेक्षा लांब नसावी.

पात्याची उंची बदलायची असेल किंवा पट्टी जुळवायची असेल, तर आधी मशिन बंद करायचं, प्लग काढायचा आणि पातं पूर्ण थांबू द्यायचं. अरुंद तुकडा बोटांनी न ढकलता लाकडी काठीनं ढकलायचा. सैल बाह्या आणि हातमोजे नकोत, कारण पातं त्यांच्यासकट हात ओढून घेतं.

कायद्यानं भरपाई मागता येते, पण गेलेलं बोट परत येत नाही. आणि छोट्या दुकानात रोजंदारीवर काम करणाऱ्याला भरपाईसाठी आजही खेटे घालावे लागू शकतात. म्हणून गार्ड जागेवर आहे ना, हे मशिन सुरू करण्याआधीच बघायचं.

२००५ मध्ये भारत सरकारनं लोखंडेंच्या नावानं टपाल तिकीट काढलं. रविवारची सुट्टी घेताना त्यांची आठवण निघतेच. सोमवारी मशिनचं बटण दाबतानाही निघायला हवी.