‘सावकारी पाश’चे कलामहर्षी

लोह्यात आम्हा चार मित्रांना एक नाद आहे. चित्रपट सुटे सुटे पाहायचे नाहीत. एका विषयाचे एकत्र पाहायचे आणि मग त्यांच्यावर मनसोक्त भांडायचे. गेल्या वर्षी विषय निघाला कर्जबाजारी शेतकऱ्याचा. ‘मदर इंडिया’ (१९५७) आणि ‘दो बिघा जमीन’ (१९५३) ही नावे लगेच पुढे आली. त्यांच्या आधी कोण, हे शोधण्याचे काम माझ्याकडे आले. शोधता शोधता मी १९२५ सालापर्यंत मागे गेलो, तो तिथे कोल्हापूरचे बाबूराव पेंटर भेटले. तोवर माझ्या लेखी ते पौराणिक चित्रपटांचे आणि देखण्या पडद्यांचे मानकरी, एवढेच होते.

बाबूरावांचा जन्म ३ जून १८९० चा. मूळ आडनाव मिस्त्री, घर कारागिरांचे. नात्याने भाऊ लागणाऱ्या आनंदरावांबरोबर नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवून त्यांनी नाव मिळवले. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ने (१९१३) दोघांना चित्रपटाचे वेड लावले. कॅमेरा विकत घेणे परवडणारे नव्हते, म्हणून तो घरीच घडवायचे ठरले. १९१६ साली आनंदराव गेले. तरी बाबूरावांनी हाय खाल्ली नाही. शिष्य दामले यांना हाताशी धरून त्यांनी कॅमेरा पुरा केला. तानीबाई कागलकर यांच्या भांडवलावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. १९२० च्या ‘सैरंध्री’त स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली.

देवादिकांच्या कथांना गर्दी लोटत असताना या माणसाने १९२५ साली ‘सावकारी पाश’ काढला. कथा ना. ह. आपटे यांची, तरुण शेतकरी झाले शांताराम. खोट्या कागदाच्या जोरावर सावकार जमीन गिळतो आणि शेतकरी शहरात जाऊन गिरणीत राबतो. सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या त्या १८७५ साली. म्हणजे हे दुखणे तेव्हाच पन्नास वर्षांचे जुने होते.

आमच्यात वाद झाला. सारे पाप सावकाराच्या माथी मारले की पाऊस, बाजारभाव आणि सरकार नामानिराळे राहतात, असे एका मित्राचे म्हणणे. ते मला पटले. शिवाय मूळ मूकपट आज पाहायलाच मिळत नाही, मग त्याचे परीक्षण करायचे कसे? अखेर आम्ही एवढे मान्य केले की, बाबूरावांनी कॅमेरा कुठे रोखला हे तरी आपल्याला ठाऊक आहे. तो राजवाड्यावरून झोपडीवर आणणारा माणूस आमच्या यादीत पहिलाच हवा.

पुढे दामले, फत्तेलाल, शांताराम या शिष्यांनी वेगळे होऊन १९२९ साली ‘प्रभात’ काढली. बाबूरावांनीही कंपनी सोडली. १९३६ साली त्यांनी ‘सावकारी पाश’ पुन्हा, बोलपट म्हणून केला. म्हणजे तो विषय त्यांच्या मनातून गेला नव्हता. चित्रकला आणि शिल्पकला यांची साथ मात्र शेवटपर्यंत राहिली. १६ जानेवारी १९५४ रोजी ते निवर्तले.

यंदा माळेगावच्या जत्रेत बैलांच्या दावणीपाशी मी बराच वेळ उभा होतो. यांतला कोणता बैल हौसेने विकायला आणला असेल आणि कोणता देणे फेडण्यासाठी, हे चेहऱ्यावरून कळत नव्हते. ना बैलाच्या, ना धन्याच्या. बाबूरावांना ते दिसले असते, असे मात्र राहून राहून वाटले.